स्कॅन करून आलेले बाबा

सीटी स्कॅनबद्दल आमच्या घरात चार मतं होती आणि माणसंही चारच. माझी लेक चिमी पाच महिन्यांची, त्यामुळे तिचं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनेच कदाचित सगळ्यांत शहाणपणाचं काही सांगितलं असतं.

नवऱ्याचं मत, आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही. सासूबाईंचं मत, चांगलं चार ग्लास पाणी पिऊन लघवी दाबून धरायची, कारण त्यांच्या सोनोग्राफीच्या वेळी तसंच सांगितलं होतं. माझं मत, सेंटरवाल्यांनी हातात कागद दिलाय तो एकदा कुणीतरी वाचा. आणि ज्यांचा स्कॅन, त्या माझ्या सासऱ्यांचं मत, हे सगळं करायचंच कशाला? लघवीतून रक्त गेलं ते एकदाच गेलं, रोज थोडंच जातंय!

कागदावर साध्या भाषेत लिहिलं होतं. आधी चार तास काही खायचं नाही, पाणी चालेल. पण त्याखाली साखरेच्या गोळ्यांबद्दल एक ओळ होती आणि तिने पुन्हा सगळा गोंधळ उकरून काढला. बाबा साखरेची गोळी घेतात. त्या सकाळी ती घ्यायची की नाही? नवरा म्हणाला घ्यायची, सासूबाई म्हणाल्या अर्धी घ्यायची. आमच्याकडे कुठल्याही प्रश्नावर कुणीतरी ‘अर्धी’ म्हणतंच. शेवटी मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी किडनीसाठी रक्त तपासायला लावलं, मग सांगितलं की त्या दिवसापासून गोळी बंद, आणि पुन्हा कधी सुरू करायची ते मी सांगेन. म्हणजे अर्धीसुद्धा नाही.

आमचं घर वर आणि फोटो स्टुडिओ खाली. बाबांनी आयुष्यभर फोटो काढले. आता कॅमेरा आणि कॉम्प्युटर नवऱ्याकडे, काउंटर माझ्याकडे आणि मागची डार्करूम बाबांकडे. तिथे आता कुणाचेच फिल्मचे रोल धुवायला येत नाहीत. तरी बाबा रोज सकाळी आत जातात, बाटल्या पुसतात, ट्रे उपडे घालतात आणि जेवताना आम्हाला ऐकवतात की आज फार काम होतं. त्यांचं खरं काम संध्याकाळी. वर यायचं, कोपरापर्यंत साबणाने हात घासायचे आणि चिमीला खांद्यावर घ्यायचं. चिमी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर झोपतच नाही. पोटात वागवली मी, आणि झोपायला हिला आजोबा लागतात! सुरुवातीला मला राग यायचा. मग लक्षात आलं की तेवढ्या वेळात मला गरम जेवण मिळतं, आणि राग गेला.

स्कॅनला बाबांबरोबर मी गेले, कारण नवऱ्याला रक्त नुसतं म्हटलं तरी घेरी येते. तिथे मशीनवर काम करणारी बाई वयाने माझ्याएवढीच होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “काका, शेवटचं कधी खाल्लंत?”

बाबा खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दुर्गुण आहे. “आत्ता निघताना. दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं. हिच्या सासूने दिली. म्हणाली, उपाशीपोटी कुठे जाता.”

माझा पारा चढला. “अहो बाबा, सगळ्यांनी मिळून तीन दिवस काथ्याकूट कशाचा केला मग?” सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली. बाबांनी मान खाली घातली. मशीनवाली म्हणाली, “असू दे ताई, रोज दोन-तीन जण असे येतातच. थांबा थोडा वेळ, मग घेऊ.” तो थोडा वेळ दुपारपर्यंत चालला.

मग तिने बाबांना प्रश्न विचारले. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? दमा आहे का? याआधी कधी असा स्कॅन करून त्रास झालाय का? किडनीचा रिपोर्ट तिने स्वतः पाहिला. घड्याळ, पट्टा, किल्ल्या, चष्मा आणि दाताची कवळीसुद्धा काढून माझ्या हातात दिली. कवळी सुनेच्या हातात गेल्यावर बाबा भिंतीकडे बघत उभे राहिले. मग तिने त्यांच्या हाताला सुई लावली आणि समजावून सांगितलं, “यातून औषध जाईल, म्हणजे आतलं नीट दिसतं. अंगभर एकदम गरम वाटेल. तोंडाला लोखंडासारखी चव येईल. लघवी झाली की काय असं वाटेल, पण होत नाही. घाबरायचं नाही. खाज आली, घसा आवळल्यासारखा वाटला तर लगेच सांगायचं. मशीन सांगेल तेव्हा श्वास धरायचा, सांगेल तेव्हा सोडायचा. हलायचं नाही.”

“हलायचं नाही हे मी लोकांना सांगतो,” बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले. ते त्या दिवशीचं त्यांचं शेवटचं धड बोलणं.

मला बाहेर काढलं. जाड दार लागलं आणि दारावरचा लाल दिवा पेटला. मला वाटलं होतं तासभर लागेल, पण मी कवळी रुमालात नीट गुंडाळेपर्यंत दिवा विझलासुद्धा. मशीनवाली त्यांना बाहेर आणून म्हणाली, “अर्धा तास इथेच बसा, काही होत नाही ना ते बघू. आणि आज भरपूर पाणी प्या काका, म्हणजे सगळं बाहेर निघून जाईल.”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी बाजूची खुर्ची पुढे केली. ते तिथे बसले नाहीत. एक खुर्ची मध्ये रिकामी सोडून पलीकडे बसले. मी कवळी दिली तर ‘तिथे ठेव’ अशी खूण केली, आणि मी हात मागे घेतल्यावर उचलली. म्हटलं, रागावलेत. चारचौघांत ओरडले मी, रागावणारच.

परत येताना तर कमालच झाली. सेंटर आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. बाबा म्हणाले, “तू पुढे हो,” आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवरून चालायला लागले. मी या बाजूला, ते त्या बाजूला. मी थांबले की ते थांबायचे. मी त्यांना हात केला तर त्यांनी मलाच हात करून पुढे घालवलं. लोकांना वाटलं असेल, सासरा सुनेवर पाळत ठेवून चाललाय.

आणि मग ते घरी वर आलेच नाहीत.

“मी खालीच झोपतो काही दिवस,” जिन्याच्या तळाशी उभं राहून त्यांनी सांगितलं. का, तर म्हणे खोकला आहे. आम्ही खोकला ऐकलाच नाही. विचारलं तेव्हा मात्र त्यांनी लगेच खोकून दाखवलं. अंथरूण खाली मागवलं. जेवणाचं ताट काउंटरवर ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं, मग ते येऊन उचलणार. घासून ताट परत तिथेच. सासूबाई पाणी द्यायला जवळ गेल्या तर ते दोन पावलं मागे सरले. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं म्हणे.

संध्याकाळी चिमीने घर डोक्यावर घेतलं. मी घेतली, नवऱ्याने घेतली, सासूबाईंनी घेतली. ती जिन्याकडे बघून रडायची. खाली बाबांना तो आवाज जात असणारच, आमची जमीन आणि त्यांचं छत एकच. थोड्या वेळाने खालून रेडिओ मोठा झाला. तो रेडिओ ऐकला आणि माझं काळीज जळलं. एवढा कसला राग माणसाला, की लेकराचं रडणं ऐकू नये म्हणून रेडिओ लावावा?

पुन्हा मतांचा बाजार, या वेळी आम्हा तिघांचा. नवरा म्हणाला, “तू त्यांचा सगळ्यांसमोर अपमान केलास.” सासूबाई म्हणाल्या, “कवळीचं मनाला लागलं त्यांच्या. मी अजून त्यांना बिनकवळीचं बघितलेलं नाही.” मी वरवर भांडत होते, पण आतून मला वेगळीच भीती वाटत होती. आत त्या बाईने त्यांना काहीतरी सांगितलं असणार. स्क्रीनवर काहीतरी दिसलं असणार. वाईट. बाबांना कळलंय आणि ते आत्तापासूनच आम्हाला तोडतायत, चिमीची सवय सोडवतायत. हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला बोलले असते तर त्याला घेरी आली असती.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की किडनीत एक बारीक खडा आहे, रक्त त्याच्यामुळे. आणि एक पाण्याची छोटी पिशवी दिसतेय, ती या वयात पुष्कळांना असते, तिला काही करायचं नाही. गोळी उद्यापासून सुरू करा. मी फोनवरच रडले. सासूबाईंनी मला जवळ घेतलं आणि कारण न विचारता त्याही रडल्या. मग दोघी धावत खाली गेलो.

“बाबा, काही नाहीये! साधा खडा आहे!”

“बरं झालं,” बाबा काउंटरच्या पलीकडून म्हणाले. खरंच बरं वाटलं होतं त्यांना, डोळ्यांत दिसत होतं. “बरं झालं. जा आता तुम्ही वर.” आणि डार्करूममध्ये निघून गेले.

आता मात्र माझी मती गुंग झाली. आजार नाही, मग हे काय? रिपोर्ट चांगला आल्यावर तरी माणसाने नातीला उचलावं की नाही? त्यातून त्याच दुपारी त्यांनी नवऱ्याला एका जुन्या दुकानदाराकडे पाठवून रोल धुवायची केमिकल मागवली. नवरा म्हणाला, “कुणाचे रोल?” बाबा म्हणाले, “माझे.” डोक्यावर परिणाम झाला की काय, हे मत या वेळी आम्ही तिघांनी एकमताने मांडलं.

संध्याकाळी चिमी रडायला लागली तशी मी तिला उचलली आणि तरातरा खाली गेले. बाबा स्टूलवर बसले होते. तिला बघताच उठले, धडपडत मागे गेले आणि डार्करूमचं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

माझा तोल सुटला. “बाबा, माझं चुकलं असेल तर मला चार शब्द ऐकवा! पण हिने काय घोडं मारलंय तुमचं? नकोशी झाली का ही तुम्हाला?”

दारामागून बाबा म्हणाले, “तिला लांब ने आधी. दारापासून लांब ने.”

“का?”

“मी एक्स्पोज झालोय.”

मला काही कळेना. मी चिमीला घेऊन काउंटरपर्यंत मागे गेले. तेव्हा कुठे ते दारामागूनच बोलायला लागले. “मागे एक गिऱ्हाईक परदेशातून आलं होतं. त्याचे रोल विमानतळावरच्या सामानाच्या मशीनमधून गेलेले. मी धुतले, तर सगळे धुरकट. एकावरही माणूस ओळखू येईना. ते मशीन केवढंसं असतं! आणि हे माझ्याभोवती गरागरा फिरत होतं. ती पोरगी मला सुई लावून बाहेर पळाली. तू बाहेर. सगळे बाहेर, दार बंद, लाल दिवा, आणि मी एकटा आत. मला काय कळत नाही का गं? लाल दिवा लावून माणसं बाहेर पळतात ते उगीच? अंगभर गरम झालं. वर ती म्हणाली, पाणी प्या, सगळं निघून जाईल. म्हणजे आत काहीतरी आहेच ना? किती दिवसांनी जातं, ते नाही सांगितलं तिने. आणि चिमी इतकी कोवळी. तिला माझ्यामुळे काही झालं तर?”

मी काउंटरला टेकले. हसू येत होतं आणि रडूही. राग कुणावर काढायचा तेही कळेना, कारण लाल दिवा कशाला, पाणी कशाला, हे त्यांना त्या दिवशीच सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी वर आले तर सासूबाई जिन्यातच बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“तुझ्या नवऱ्याच्या आधी आमची एक मुलगी होती,” त्या म्हणाल्या. मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही. “चिमीपेक्षाही लहान होती गेली तेव्हा. डॉक्टर म्हणाले, हृदयाला भोक होतं, जन्मतःच. पण ह्यांच्या डोक्यातून गेलं नाही. डार्करूममधून यायचे आणि तसेच तिला घ्यायचे, हाताला केमिकलचा वास. ते म्हणाले, माझ्या हातांनी गेली. मी किती सांगितलं! पुढे तुझा नवरा झाला तर हा माणूस त्याला वर्षभर हात लावेना.”

मी तिथेच जिन्यात बसून मशीनवालीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, “ताई, खोलीतला दिवा बंद केला की उजेड कुठे उरतो का खोलीत? तसंच ते. मशीन थांबलं की किरण संपले, अंगात काही राहत नाही. आम्ही बाहेर थांबतो कारण आमचं रोजचंच काम, दिवसभर पेशंट असतात. आणि पाणी सांगितलं ते टोचलेल्या औषधासाठी, ते लघवीवाटे एका दिवसात निघून जातं. बाळाला त्याच संध्याकाळी घेतलं असतं तरी चाललं असतं. सांगायला हवं होतं मी काकांना. बहुतेक जण विचारतात.”

बहुतेक जण विचारतात! आमच्या घरात फक्त मतं देतात.

मी दारातून बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, “ज्याचं मशीन, तो असंच सांगणार.” मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांना बोलायला लावलं, तर बाबा फोनवर ‘हो हो’ म्हणाले आणि नंतर आम्हाला म्हणाले, “भला माणूस आहे, पण त्याने कधी रोल धुतलाय का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. “एकटी ये. चिमीला वर ठेव.”

डार्करूमचं दार पहिल्यांदाच सताड उघडं होतं आणि आतला साधा दिवा चालू होता. दोरीला दोन फिल्मच्या पट्ट्या लटकत होत्या, अजून ओल्या. बाबांच्या वर सरकलेल्या बनियनवर पाण्याचे डाग, पोटापाशी चिकटपट्टीने कातडी लाल झालेली. त्यांनी सगळं मला एका दमात सांगितलं. कपाटात एक जुना न वापरलेला रोल सापडला. अंधारात त्याच्या दोन पट्ट्या कापल्या, दोन्ही काळ्या कागदात गुंडाळल्या. एक पत्र्याच्या डब्यात घालून पार पुढच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवली. दुसरी स्वतःच्या पोटावर चिकटवली, जिथून मशीन फिरलं होतं तिथे. केमिकल आली त्या दुपारपासून ती तशीच पोटावर होती. झोपतानाही काढली नाही. आणि आज सकाळी दोन्ही धुतल्या.

“अंगात काही असेल तर पोटावरची काळी पडणार,” ते म्हणाले. “फिल्म कुणाचं ऐकून सांगत नाही. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. तू बघ. यातली जास्त काळी कुठली?”

मी दोन्ही पट्ट्या दिव्यासमोर धरल्या. मशीनवालीने सांगितलेलं सगळं मला पाठ होतं, तरी त्या क्षणी माझा जीव टांगणीला लागला. जुना रोल, त्यामुळे दोन्ही किंचित धुरकट होत्या. पण सारख्याच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच. स्टुडिओत कोरी फिल्म निघणं म्हणजे गिऱ्हाईकाच्या शिव्या. मला तर ती पट्टी कपाळाला लावावीशी वाटली.

“बाबा, दोन्ही सारख्या आहेत.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. पोटावरची कुठली यातली?”

“कोपरा कापलाय ती.”

“दोन्हींचा कोपरा कापलाय.”

बाबांनी पट्ट्या माझ्या हातातून घेतल्या. उलट्या केल्या, सुलट्या केल्या, चष्मा वर करून नाकाशी धरल्या. अंधारात दोन्हींचा कोपरा कापला गेला होता. ज्या माणसाने शेकडो लग्नांचे हजारो रोल धुतले आणि कधी एकाचा फोटो दुसऱ्याच्या पाकिटात घातला नाही, तो हातातल्या दोन पट्ट्या पुन्हा पुन्हा बदलून बघत होता.

“मला कळत नाहीये,” ते म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले, “मला कळतच नाहीये गं, माझी कुठली ते!” आणि मटकन स्टूलवर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मलाही कळलं नाही.

मी धावत वर गेले. चिमीला उचलून आणलं, मागून सासूबाई आल्या. तोवर बाबा हात धुऊन दारात उभे होते, ओले हात पुढे धरून. आजवर कधी परवानगी मागितली नव्हती त्यांनी, पण आज विचारलं, “घेऊ ना?”

मी तिला त्यांच्या हातात दिली. तिने त्यांच्या खांद्यावर गाल टेकवला, एक मोठा उसासा टाकला आणि गप्प झाली. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी चिमीच्या डोक्यावरून सासूबाईंकडे बघितलं.

“अगं,” ते म्हणाले, “मग तेव्हाही माझ्या हातांनी नसेल ना झालं?”

“नाही हो,” सासूबाई म्हणाल्या. “नव्हतंच झालं.” आणि पदराने त्यांचा ओला कोपर पुसायला लागल्या.